संशयाची मर्यादा

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा हे गाव आमच्या नवापूरच्या शिवेपासून फार दूर नाही. दि. १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या रविवारी, तेथे पाच माणसांचा जीव घेण्यात आला. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून पोट भरणारी. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा भ्रमणध्वनीवरून कित्येक दिवस पसरत होती. अनोळखी चेहरे आणि अनोळखी बोली एवढा पुरावा जमावाला पुरला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारण्यात आले. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण आपण सहज वापरतो. राईनपाड्यात तर चोरही नव्हता. होते ते संन्याशी तेवढे.

तेथील माणसांना राक्षस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. लेकरू हरवण्याची भीती आईबापांच्या काळजात कायमचीच असते, आणि ऊसतोडीच्या हंगामात निम्मे पाडे गुजरातेत गेलेले असले म्हणजे मागे उरलेल्या म्हाताऱ्यांना ती अधिकच छळते. भीती खरी होती. चुकले ते एवढेच की त्या भीतीची चौकशी कोणी केली नाही. किती मुले हरवली, कोठून हरवली, फिर्याद कोणी दिली, हे प्रश्न वेळेवर विचारले गेले असते तर अफवा बाजाराच्या दिवसापर्यंत टिकती ना.

हिंसेचा धोका दिसला तर सरकारने किती पुढे जावे, आणि ज्याच्यावर संशय आहे त्या माणसाचे हक्क कोठवर अबाधित राहावेत, हा प्रश्न विचारला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तराजू येतो. एका पारड्यात सुरक्षितता, दुसऱ्यात स्वातंत्र्य. एक चढले की दुसरे उतरणार. हा तराजू खरा आहे काय याचीच आम्हांस शंका आहे. राईनपाड्यात संशयितांना हक्क नव्हते, म्हणून मुले सुरक्षित झाली असे कोण म्हणेल? तेथे तपासही नव्हता आणि हक्कही नव्हते. दोन्ही पारडी रिकामीच होती.

वाचकहो, प्रेषितांच्या कृत्यांतील एकविसाव्या अध्यायापासूनचा भाग आपण पुनरुत्थानकाळात मिस्सेच्या वाचनांत तुकड्यातुकड्यांनी ऐकतो, म्हणून त्यातील एक गोष्ट बहुधा निसटते. यरुशलेमच्या मंदिरात पौलाविरुद्ध दंगल उसळते. रोमी पलटणीचा सरदार क्लौद्य लुसिया शिपाई घेऊन धावत येतो, पौलाला जमावाच्या हातून सोडवतो आणि लगेच साखळ्यांनी बांधतो. त्याला वाटते, चार हजार मारेकऱ्यांना घेऊन रानात पळालेला जो मिसरी बंडखोर तो हाच. आजच्या भाषेत बोलायचे तर फरारी दहशतवादी म्हणून पौल पकडला गेला. पौल ग्रीक बोलू लागतो तेव्हा सरदार चमकतो. तरीही गढीत नेल्यावर त्याचा हुकूम काय, तर फटके मारून खरे काय ते याच्याकडून काढा. वाद्यांनी आवळले जात असताना पौल शांतपणे विचारतो की रोमी नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारण्याची कायद्यात मोकळीक आहे काय. सरदाराची भीतीने गाळण उडते, कारण बांधण्याचा अपराध त्याच्या हातून आधीच घडलेला असतो.

पुढच्या दोन दिवसांत चित्र पालटते. चाळीसहून अधिक माणसे शपथ वाहतात की पौलाला ठार केल्याशिवाय अन्नपाणी घेणार नाही. पौलाच्या बहिणीच्या मुलाच्या कानी हे पडते. तो गढीत जाऊन सांगतो. सरदार त्या मुलाला हाताला धरून एकीकडे नेतो, त्याचे ऐकून घेतो, कोणाजवळ बोलू नकोस अशी ताकीद देतो, आणि त्याच रात्री २०० शिपाई, ७० स्वार व २०० भालेकरी सोबत देऊन पौलाला कैसरियाच्या वाटेला लावतो.

तोच अधिकारी आणि तोच आठवडा. पहिल्या वेळी संशयाचा चाबूक झाला, दुसऱ्या वेळी ढाल झाली. दुसऱ्या वेळीही सरदाराजवळ पुरावा नव्हता. एका पोराची सांगोवांगी होती, एवढेच. पुरावा पूर्ण होईपर्यंत तो थांबता तर पौलाचे प्रेत त्याला उचलावे लागले असते. गुन्हा घडेपर्यंत सरकारने हात बांधून बसावे असे जे म्हणतात त्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा. मात्र त्या चाळीस जणांविषयी सरदाराने काय केले तेही पाहावे. नावे ठाऊक नसताना त्याने यरुशलेमच्या गल्लीतून चाळीस तरुण उचलून आणले नाहीत. ज्याचा जीव धोक्यात होता त्याला त्याने धोक्यातून बाहेर काढले.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला शिकाऱ्याचे उदाहरण हमखास येते. झुडूप हलते आहे; आत हरिण असेल, कदाचित माणूसही असेल. शंका फिटेपर्यंत गोळी झाडण्यास शिकाऱ्याला परवानगी नाही, मग हरिण निसटले तरी बेहत्तर. परगावच्या शेतात लपलेल्या माणसाविषयी बोलताना हे उदाहरण पुरेसे होते. आजचा पोलीस अधिकारी मात्र आम्हांस विचारील, ‘फादर, त्या झुडपाआड बंदूक घेऊन कोणी शाळेवर नेम धरला असेल तर? मी गोळी झाडली नाही तरी माणसे मरण्याची शंका उरतेच.’ प्रश्न रास्त आहे. शंका दोन्हीकडे आहे, आणि दोन्हीकडे जीव आहेत.

आमच्या मते उत्तर असे की शंका माणसाला सावधगिरीचा अधिकार देते, शिक्षेचा देत नाही. शाळेतील मुले मागच्या दाराने बाहेर काढा, झुडपाला वेढा घाला, आतल्या माणसाला हाक द्या. यांतील प्रत्येक गोष्ट शंकेवर करता येते, कारण शंका खोटी ठरली तर ती मागे घेता येते. मागे घेता येत नाही असे पाऊल टाकायचे तर शंका पुरत नाही. न्यायाधीशाने कमी संभाव्य मताच्या आधारे निवाडा दिला तरी चालेल, असे शिकवणारे काही नीतिशास्त्रज्ञ सतराव्या शतकात होते. १६७९ साली पोप इनोसंट अकरावे यांनी ते मत स्पष्टपणे त्याज्य ठरवले. स्वतःच्या सद्सद्विवेकासाठी एखादा सैल मत स्वीकारील. दुसऱ्याच्या गळ्याचा प्रश्न असेल तेथे ती सवलत नाही.

आपल्या देशाच्या कायद्यातही ही पायरी-पायरीची समज आहे. अटक केलेल्यास २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, हे संविधानाच्या २२ व्या कलमात आहे. अटकेचा पंचनामा साक्षीदारासमक्ष व्हावा, नातलगाला कळवावे, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सांगितले. दूरध्वनी चोरून ऐकायचा तर गृहसचिवाचा लेखी हुकूम हवा आणि त्याची पुढे फेरतपासणी व्हावी, हेही त्याच महिन्यात त्याच न्यायालयाने सांगितले. या नियमांनी पोलिसांचे हात बांधले जातात अशी तक्रार ऐकू येते. आम्हांस वाटते, हात बांधले जातात ते आळसाचे.

वसई-विरारच्या वाचकांना ११ जुलै २००६ ची संध्याकाळ सांगावी लागणार नाही. पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरारोड. १८० हून अधिक माणसे गेली, ८०० हून अधिक जखमी झाली. कामावरून घरी परतणारी ती माणसे होती. सहा-साडेसहाची गाडी ज्यांच्या घरात कोणीतरी धरतेच अशी कुटुंबे आपल्या धर्मग्रामांत असंख्य आहेत. अशा घराला नागरी स्वातंत्र्यावर प्रवचन देण्याचा आम्हांस अधिकार नाही. त्यांचा एकच प्रश्न आहे, हे कोणी केले?

या खटल्यात संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली, म्हणजे मोक्काखाली, आरोपींचे कबुलीजबाब पोलीस अधिकाऱ्यांपुढे नोंदवले गेले. साध्या कायद्यात असा जबाब ग्राह्य नसतो, मोक्कात असतो. २०१५ साली विशेष न्यायालयाने तेरांपैकी बारा जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली. तेराव्याला सोडले, पण तोवर त्याची नऊ वर्षे तुरुंगात गेली होती. नंतर २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. अनेक कबुलीजबाबांतील मजकूर एकमेकांशी इतका जुळत होता की ते विश्वासार्ह नाहीत, असे न्यायालयास दिसले. एक जण निकालापूर्वीच तुरुंगवासात मरण पावला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना पुन्हा आत पाठवले नाही.

एकोणीस वर्षांनी त्या विधवेच्या हाती काय आले? चौकशीचा सोपा रस्ता, म्हणजे कोठडीतून निघालेला कबुलीजबाब, कायद्यानेच मोकळा करून दिला होता. रस्ता सोपा असला की अवघड रस्त्याने कोण जाणार? फोनच्या नोंदी वेळेवर जपणे, साक्षीदार ताजे असताना ओळख पटवणे, स्फोटकांचा माग काढणे ही सारी कष्टाची कामे. संशयिताचे हक्क तपास करणाऱ्याला या कष्टांकडे ढकलतात. ते काढून घेतले तेव्हा नुकसान फक्त आरोपींचे झाले नाही. मृतांच्या नातलगांचेही झाले.

मालेगाव तर आमच्या नाशिक धर्मप्रांताच्या वाटेवरचेच शहर. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारातचा दिवस. त्याच दिवशी आपण पवित्र मारियेचा जन्मोत्सव साजरा करत होतो. कब्रस्तान व मशिदीच्या परिसरात स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे ठार झाली. दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुसलमान पुरुषांना धरले. पुढे तपास एका यंत्रणेकडून दुसरीकडे गेला, दिशा बदलली, आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. नवांपैकी एक तोवर हयात नव्हता. याच शहरात २९ सप्टेंबर २००८ रोजी पुन्हा स्फोट झाला, सहा जण गेले. त्यात धरलेले आरोपी हिंदू होते. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने त्या सातही जणांना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. कोणाला कोणत्या निकालाचा आनंद झाला आणि कोणत्याचे दुःख, यावरून माणसाचा पक्ष ओळखता येतो असे म्हणतात. आम्ही वाचकांना एवढेच सुचवतो की दोन्ही निकाल एकाच बैठकीत वाचावेत.

आपला समाज अल्पसंख्य असल्याने हा प्रश्न आपल्या अंगणात कधीतरी येणारच होता. इंग्लंडमध्ये तो आयरिश कॅथलिकांच्या दारी आधीच आला होता. नोव्हेंबर १९७४ मध्ये बर्मिंगहॅम येथे मद्यगृहांत बॉम्बस्फोट होऊन २१ माणसे मेली. सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली. ते निर्दोष असल्याचे मान्य होऊन त्यांची सुटका झाली ती मार्च १९९१ मध्ये. खरे गुन्हेगार कधीच शिक्षेला पोहोचले नाहीत.

आपल्याकडे तो आला फादर स्टॅन स्वामी यांच्या रूपाने. दि. ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीजवळच्या ‘बगाईचा’ या येशूसंघीय केंद्रातून राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना अटक केली. वय ८३, कंपवाताचा आजार. नक्षलवादाच्या आरोपाखाली कच्च्या कैदेत खितपत पडलेल्या झारखंडच्या आदिवासी तरुणांसाठी ते उच्च न्यायालयात गेले होते. आता ते स्वतः तळोजा कारागृहात कच्चे कैदी झाले. हात थरथरत असल्याने पाणी पिण्यास नळी असलेला पेला मिळावा म्हणून त्यांनी नोव्हेंबरात अर्ज केला. त्यावर उत्तर देण्यास यंत्रणेने २० दिवसांची मुदत मागितली. मार्च २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. मेअखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवले, आणि ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची सुनावणी चालू असतानाच, त्यांच्या निधनाची वार्ता न्यायालयात सांगितली गेली.

१ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगाव येथे दंगल झाली, एक तरुण मेला, मालमत्ता जळली. त्यामागे कोणाचा कट होता काय याचा शोध घेणे सरकारचे कर्तव्यच होते. फादर स्टॅन यांच्या संगणकात बाहेरून कागदपत्रे घुसवली गेली होती, असा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये काढला. तो अहवाल आरोपींच्या वकिलांसाठी तयार झाला होता, आणि खटल्यात त्याची कसोटी लागण्यापूर्वीच ज्यांच्याविषयी तो होता ते निघून गेले होते. आम्हांस त्यांच्या निर्दोषपणाविषयी खात्री आहे. पण ते बाजूला ठेवू. आमची खात्री हाही पुरावा नव्हे. प्रश्न असा आहे की बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या ‘४३ ड’ या कलमाने काय केले? मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर हे कलम घातले गेले. त्यानुसार पोलिसांची कागदपत्रे वाचून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर न्यायालयाने जामीन देऊ नये. पोलिसांच्या साक्षीची उलटतपासणी व्हायची असते खटल्यात, आणि खटला तर वर्षानुवर्षे उभा राहत नाही. म्हणजे सावधगिरी म्हणून सुरू झालेली कोठडी हळूहळू शिक्षा बनते, आणि ती शिक्षा कोणत्या दिवसापासून झाली हे कोणालाच सांगता येत नाही. मागे घेता येणारे पाऊल असे आम्ही वर म्हणालो. ८३ वर्षांच्या माणसाचे नऊ महिने कसे मागे घ्यायचे?

त्याच खटल्यातील व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२३ रोजी जामीन दिला. दुसऱ्यांच्या जवळ सापडलेल्या पत्रांचे पुरावा म्हणून मोल कमी, असे तेव्हा न्यायालयाने म्हटले. तोवर पाच वर्षे उलटली होती. देशभराचा हिशेब पाहिला तर २०२२ च्या अखेरीस तुरुंगांतील दर चार कैद्यांपैकी तीन जण असे कच्चे कैदी होते.

हे सारे नंदुरबारात बसून वाचताना अंगावर काटा येतो, कारण या मातीने संशयाची चव फार पूर्वी घेतली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, जो पुढे आपल्या इलाख्यातही लागू झाला, माणूस जन्मताच संशयित ठरू लागला. नावनोंदणी, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी. पारधी आणि त्यांच्यासारख्या अनेक समाजांनी पिढ्यानपिढ्या ते सोसले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. ठाण्यातील कारकुनाच्या डोक्यातून तो गेला की नाही, हे पारध्यालाच विचारावे. आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजी याच नंदुरबार शहरात, हातात तिरंगा घेतलेल्या मिरवणुकीकडे पोलिसांनी धोका म्हणून पाहिले, तेव्हा १५ वर्षांचा शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळ्यांनी पडले. आज त्याचे स्मारक आहे. त्या दिवशीच्या दप्तरात तो दंगेखोर असेल.

जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कडव्या डाव्या संघटनांविरुद्ध विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्याच्या मसुद्यावर सुमारे १२,००० सूचना आल्या, काही बदलही झाले. गडचिरोलीत भूसुरुंगाने मेलेल्या पोलिसांची आठवण ज्यांना आहे ते या कायद्याची गरज सांगतात, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. आमची भीती अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरातली आहे. तेथे वनहक्काच्या अर्जाविषयी चार माणसे जमवणारा कार्यकर्ता, रात्रीच्या शाळेतला शिक्षक, गावोगाव फिरणारी धर्मभगिनी यांचे काम दुरून पाहणाऱ्याला सारखेच दिसते. संघटना बेकायदा ठरली की तिच्या सभेला गेलेला माणूस काय बोलला हे गौण होते; तो गेला होता एवढेच उरते.

आणि उपदेश केवळ सरकारला करावा असेही नाही. गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय बसले, आणि मधला थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत टिकले. दमणला राहणारा शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य १६७३ साली त्याच्या हाती सापडला. सुटून गेल्यावर त्याने जे लिहिले त्यात सर्वांत भयंकर गोष्ट छळाची नाही. आरोप काय आणि कोणी केला हे त्याला सांगितले जात नव्हते. आपला अपराध त्याने स्वतःच ओळखून कबूल करावा अशी अपेक्षा होती. बंद लिफाफ्यातून न्यायाधीशापुढे ठेवल्या जाणाऱ्या पुराव्याविषयी वाचताना आम्हांस तो वैद्य आठवतो. ख्रिस्तसभेला हा धडा पुस्तकातून शिकावा लागलेला नाही.

धर्मग्रामातील तरुण कधी विचारतात, ‘फादर, एखाद्याचा घातपाताचा बेत कानावर आला तर सांगावे काय? चुगली होणार नाही?’ कबुलीसंस्कारातील गुपिताची गोष्ट निराळी. ते धर्मगुरूच्या प्राणाबरोबर जाते. एरवी सांगावे. पौलाच्या भाच्याने सांगितले. पण त्याने काय सांगितले ते पाहा: अमुक माणसांनी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी दबा धरायचे ठरवले आहे. ‘तो मनुष्य मला पसंत नाही’, ‘ते लोक तसलेच’, ‘नवीन भाडेकरू कोणाशी बोलत नाही’ यांतले काहीच त्याने सांगितले नाही. आणि तो जमावाकडे न जाता अधिकाऱ्याकडे गेला. राईनपाड्याच्या बाजारात एखाद्याने एवढे केले असते!

कैसरियात पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. सरदाराने सोबत पाठवलेल्या पत्रात या माणसाने मरणास योग्य असे काही केलेले नाही हे लिहिले. मात्र तो रोमी आहे असे कळल्यावरून आपण त्याला सोडवले, अशी थापही मारली. फटक्यांच्या हुकुमाचा उल्लेख त्यात नाही. सुभेदार फेलिक्स पौलाला वरचेवर बोलावून त्याच्याशी गोष्टी करी, कारण त्याला लाचेची आशा होती. निकाल मात्र त्याने दिला नाही. दोन वर्षे गेली. फेलिक्सची बदली झाली, आणि लोकांची मर्जी राखावी म्हणून जाताना तो पौलाला तसाच कैदेत ठेवून गेला. नवा सुभेदार फेस्त आला, त्याने कागद चाळले, आणि त्याची पंचाईत झाली. कैद्याला रोमला कैसराकडे पाठवायचे होते, आणि त्याच्यावरचा आरोप काय म्हणून लिहावा हे त्याला सुचेना.